उघडीप सोसणारी जमीन

बिलोली तालुक्यातल्या एका गावात शेतकऱ्यांची बैठक चालू होती. बैठक संपत आली तेव्हा मागे बसलेले एक आजोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दुकानदार म्हणतोय, एक पिशवी रानात टाकली की महिनाभर पाऊस नाही आला तरी पीक वाळत नाही. पोरानं पैसे देऊन ठेवलेत. आता तुम्हीच सांगा, खरं का खोटं?" बैठकीत हशा पिकला. आजोबा मात्र हसले नाहीत. पेरणीच्या तोंडावर घरातून गेलेला पैसा ही त्यांच्या दृष्टीने हसण्याची गोष्ट नव्हती.

त्यांना एका शब्दात उत्तर देता आले नाही, कारण पिशवीत काय आहे आणि रान कोणते आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. जमिनीत काय मिसळले म्हणजे ती पावसाचा खंड सोसते, किती मिसळावे लागते आणि कशाचा उपयोग होत नाही, हे आज आपण नीट हिशेब मांडून पाहू.

पाऊस कमी, की साठवण कमी?

मराठवाडा म्हटले की दुष्काळ आठवतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते तर सर्वांनी पाहिले. पण नांदेड जिल्ह्याची पावसाची सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर आहे. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या मानाने ही बरीच मोठी रक्कम म्हणायची. बिलोलीच्या शेतकऱ्याचे नुकसान पुष्कळ वेळा वर्षाचा पाऊस कमी पडल्याने होत नाही, तर मधल्या उघडिपीने होते. मृगात पेरले, आर्द्रात उगवले, सोयाबीन फुलावर आले आणि नेमका तेव्हाच पाऊस तीन आठवडे गायब झाला, असे होते. २०२३ चा ऑगस्ट तर देशभराचा विचार करता १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. याच्या उलट २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात एवढा पाऊस कोसळला की गावेच्या गावे पाण्यात गेली. म्हणजे पाऊस येतो तेव्हा धो धो येतो आणि जातो तेव्हा पाठ फिरवून जातो. मधल्या दिवसांत पिकाला पाणी कोण पाजणार? विहीर-बोअर नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ते काम एकटी माती करते.

आता थोडे गणित. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडले. भर पावसाळ्यात, ऊन असेल त्या दिवशी वाढीला लागलेले पीक रोज चार-पाच मिलिमीटर पाणी पिते, म्हणजे एकरी १६ ते २० हजार लिटर. खोल काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. ती पूर्ण ओली झालेली असेल आणि मुळे खाली गेलेली असतील, तर पीक महिनाभर तग धरते. उलट दीड फूट खोलीच्या हलक्या रानात हेच पाणी कसेबसे ४० मिलिमीटर भरते. तिथे आठ-दहा दिवसांतच सोयाबीन दुपारी माना टाकू लागते. पाऊस दोघांवर सारखाच पडला, पण एकाकडे रांजण होता आणि दुसऱ्याकडे तांब्या.

एकाच तालुक्यात दोन जाती

बिलोली-देगलूरच्या बाजूला एक विशेष गोष्ट दिसते. मराठवाड्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे आणि त्याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती तयार झाली. नांदेड जिल्ह्याच्या या पूर्व-दक्षिण टोकाला मात्र काळ्या पाषाणाचे थर संपत येतात आणि त्यांच्या खालचा फार जुना ग्रॅनाइट आणि नीस हा खडक वर दिसू लागतो. ग्रॅनाइट झिजला की त्याची वाळसर, तांबूस, रेवट माती होते. म्हणून इथे मांजरा-गोदावरीच्या काठाला काळीभोर, भेगाळणारी जमीन भेटते आणि काही अंतरावर हातात घेतली तर बोटांतून गळून जाणारी लालसर जमीन भेटते. काही शेतकऱ्यांकडे तर दोन्ही असतात.

आपली जमीन कोणती हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती ओली करून मळा. तिची लांब वळी झाली आणि वाकवली तरी तुटली नाही, तर ती चिकणमातीची भारी जमीन. वळी होताच तुटली तर मध्यम. गोळाच धरत नसेल तर हलकी, वाळसर. हे आधी ठरवले पाहिजे, कारण एका जातीला जे औषध ते दुसऱ्या जातीला नुसता खर्च असतो.

हलक्या जमिनीचे दुखणे असे की पाणी आत जाते, पण थांबत नाही. काळीचे दुखणे याच्या उलट आहे. तिच्यात पाणी धरायची ताकद भरपूर आहे, पण तोंड लवकर बंद होते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून आत जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग फारच मंदावतो. त्यानंतर जोराचा पाऊस आला की पाणी वरून वाहून जाते आणि जाताना चांगली माती घेऊन जाते. पुढे उघडीप पडली की जमीन भेगाळते आणि त्या भेगांतून खालची ओल उडून जाते.

शेणखताचा खरा हिशेब

जमिनीत मिसळण्याच्या वस्तूंत पहिला मान शेणखताचा, कंपोस्टचा, म्हणजेच सेंद्रिय पदार्थांचा. "सेंद्रिय कर्ब वाढवा, जमीन स्पंजासारखी पाणी धरेल," असे आपण नेहमी ऐकतो. यात तथ्य आहे, पण अतिशयोक्तीही आहे. ऑस्ट्रेलियातील मृदाशास्त्रज्ञ मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१८ साली जो निष्कर्ष मांडला, तो डोळ्यांत अंजन घालणारा आहे. मातीतला सेंद्रिय कर्ब तब्बल एक टक्क्याने वाढला, तर १०० मिलिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळणारे पाणी सरासरी सव्वा मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. वाळसर जमिनीत ही वाढ जास्त, चिकणमातीत सर्वांत कमी. अर्ध्या फुटाच्या नांगरटीच्या थराचा हिशेब केला तर एकरी सात हजार लिटरच्या आसपास पाणी वाढले. पिकाची ती अर्ध्या दिवसाची तहान झाली.

मग शेणखत घालायचे तरी कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्याचे मोठे काम साठवणीत नसून पाणी आत घेण्यात आहे. सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू, बुरशी आणि गांडुळे मातीच्या कणांना एकत्र बांधून रवाळ करतात. अशी माती पावसाच्या मारानेही फुटत नाही, तिच्यावर पापुद्रा धरत नाही, पाणी आत जायला वाट राहते आणि मुळांना खाली जायलाही वाट मिळते. समजा, ४० मिलिमीटरचा पाऊस एका तासात कोसळला आणि एरवी वाहून जाणारे त्यातले १० मिलिमीटर पाणी आत मुरले, तर एकरी ४० हजार लिटर पाणी एका पावसात कमावले. मुळे अर्धा फूट जास्त खोल गेली तर तिथली ओल पिकाला मिळाली, तो फायदा वेगळा. काळ्या जमिनीत शेणखत घालायचे ते रांजणाचे तोंड उघडे ठेवण्यासाठी.

आता किती घालावे लागते ते पाहू. एक एकराच्या वरच्या अर्ध्या फुटात ढोबळमानाने नऊ लाख किलो माती असते. तिच्यात कर्ब फक्त ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हटला तरी ९०० किलो कर्ब लागला. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात कर्ब असतो अंदाजे दीडशे किलो. म्हणजे सहा टन खत, तेही एक कणही वाया गेला नाही असे धरून. प्रत्यक्षात आपल्या उन्हात त्यातला मोठा भाग जिवाणू खाऊन टाकतात आणि तो वायू होऊन उडून जातो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतावर चाललेला प्रयोग आहे. दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या तुकड्यात कर्ब दुपटीहून जास्त झाला, पण त्याला कित्येक दशके लागली आणि हवामान होते थंड. आपल्याकडे तेवढे खतही नाही आणि तेवढी थंडीही नाही. म्हणून एका वर्षात कर्ब दुप्पट करून देतो असे कोणी म्हटले, तर हे गणित त्याच्यासमोर ठेवा. मातीपरीक्षणात ०.५ टक्क्याच्या खाली कर्ब आला तर तो कमी समजतात, आणि मराठवाड्यातल्या असंख्य जमिनी याच गटात येतात. तिथे पहिले काम आहे ती घसरण थांबवण्याचे.

हे ज्ञान नवे नाही. कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर संशोधन आपल्याकडे १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झाले आणि १९३३ पासून सोलापुरात विस्तारले. त्या कामातून ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पद्धत मांडली, तिच्यात बांधबंदिस्ती, वेळेवर मशागत, पातळ पेरणी यांच्या जोडीने ठरावीक वर्षांनी शेणखत देणे होतेच. ही सगळी कामे एकत्र करायची होती, नुसते खत टाकून मोकळे व्हायचे नव्हते.

खत आणायचे कुठून?

हा खरा अडचणीचा प्रश्न. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठा रिकामा झाला आणि उकिरडा आटला. जे शेण आहे त्यातलेही काही गोवऱ्यांत जाते. शिवाय उरलेल्या खताची नासाडी आपण करतो. एप्रिल-मे महिन्यात खताचे ढीग रानात टाकून महिना-महिना उन्हात वाळवतो. त्यातला नत्र उडून जातो आणि उरतो तो चोथा. खत पसरले त्याच दिवशी वखराने मातीआड करावे. कच्चे शेण तर घालूच नये, त्यातून हुमणी आणि वाळवी येते.

दुसरा साठा आपल्याच रानात उभा असतो. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचा भुसा आपण पेटवून देतो. जनावरांना लागतो तेवढा भुसा जरूर ठेवावा. उरलेला पिकांच्या दोन ओळींत आच्छादन म्हणून पसरावा. आच्छादनाने ऊन थेट मातीवर पडत नाही, थेंबांचा मार बसत नाही, भेगा कमी पडतात आणि कुजल्यावर त्याचेच खत होते. पऱ्हाटीत बोंडअळी राहते ही भीती रास्त आहे. म्हणून ती तशीच बांधावर रचून न ठेवता यंत्राने बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात कुजवावी.

तिसरी वाट जुनीच आहे, ती म्हणजे मेंढरं बसवण्याची. उन्हाळ्यात धनगरांचे कळप येतात. धान्य किंवा पैसे ठरवून रात्री कळप आपल्या रानात बसवला की लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी जमिनीत जातात, वाहतुकीचा खर्च नाही. आणि चौथी वाट धुऱ्यावरची. धुऱ्यावर गिरीपुष्प लावले तर दर पावसाळ्यात त्याचा नत्रयुक्त पाला छाटून ओळींत टाकता येतो. ताग किंवा धैंचा गाडणे चांगलेच, पण कोरडवाहू रानात त्यासाठी सबंध हंगाम घालवू नये. कापसाच्या दोन ओळींत ताग पेरून फुलावर येण्याआधी कापून तिथेच पसरावा.

गाळ: कोणाला अमृत, कोणाला ओझे

हलक्या जमिनीसाठी सर्वांत टिकाऊ सुधारणा म्हणजे तलावातला गाळ. शेणखत काही वर्षांत संपते, गाळातली चिकणमाती संपत नाही. राज्यात २०१७ साली "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा हाती घेतली गेली. तलावाची साठवण वाढते आणि शेताचीही, असा दुहेरी लाभ.

पण इथेही हिशेब करावा. एक एकरावर एक इंच जाडीचा थर द्यायचा तर सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो. अर्धा इंच म्हटले तर १८ ब्रास. चार-दोन ट्रॉल्या एका एकरात पसरून काही दिसणार नाही. त्यापेक्षा दर उन्हाळ्यात अर्धा एकर नीट भरावा. गाळ टाकून तसाच सोडू नये, वाळला की ढेकळे फोडून वखराने खालच्या मातीत मिसळावा, नाहीतर वर चिकट पापुद्रा तयार होतो. आणि काळ्या, भारी रानात गाळ मुळीच टाकू नये. तिथे आधीच चिकणमाती जास्त, त्यात आणखी भर घातली तर जमीन चिबडते. गाळ खारवट किंवा चोपण असेल तर हलकी जमीनसुद्धा बिघडते. म्हणून ट्रॉली भरण्याआधी गाळाचा नमुना तपासून घ्यावा.

जिप्समचेही असेच आहे. जिप्सम हे चोपण जमिनीचे औषध आहे. जमिनीत सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वर साचून राहते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. मात्र तो बाहेर वाहून जायला चर हवेत. घरी करण्यासारखी एक परीक्षा आहे. पावसाचे स्वच्छ पाणी काचेच्या पेल्यात घ्या, त्यात वाळलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा अलगद सोडा आणि न हलवता काही तास ठेवा. खडा नुसता ढासळला तर काळजी नाही. त्याच्याभोवती दुधासारखे गढूळ वलय पसरले, तर जमीन चोपण होत आहे अशी शंका घ्यावी आणि परीक्षण करून किती जिप्सम लागेल ते विचारावे. वलय नसेल आणि परीक्षणातही सोडियम नसेल, तर पाणी धरण्यासाठी म्हणून जिप्समवर पैसे घालवू नयेत.

त्या पिशवीचे काय?

आता आजोबांच्या पिशवीकडे येऊ. बाजारात पाणी शोषणारे दाणे मिळतात, त्यांना हायड्रोजेल म्हणतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले "पुसा हायड्रोजेल" आपल्या वजनाच्या साडेतीनशे पट पाणी शोषते. ऐकायला मोठे वाटते. पण त्याची शिफारस एकरी एक-दोन किलोची असते. दोन किलोने साडेतीनशे पट पाणी धरले तर ते झाले ७०० लिटर. आणि पिकाला दिवसाला हवेत १६ ते २० हजार लिटर! बियाण्याजवळ किंवा रोपाच्या मुळाशी दिले तर उगवण सुधारते, रोपवाटिकेत आणि फळझाडाच्या खड्ड्यात त्याचा उपयोग आहे. पण महिनाभराची उघडीप एका पिशवीने निघेल, हे गणितात बसत नाही.

बायोचार म्हणजे कमी हवेत जाळून केलेला काडीकचऱ्याचा कोळसा. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कापूस, तूर यांच्या काडांपासून तो करण्याच्या साध्या भट्ट्यांवर काम केले आहे. कोळसा लवकर कुजत नाही, त्यामुळे वाळसर जमिनीत तो वर्षानुवर्षे टिकतो. पऱ्हाटी उघड्यावर पेटवून राख करण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मात्र तो एकटा न घालता शेणखतात मुरवून घालावा, आणि आधी छोट्या तुकड्यात घालून पाहावा.

आणि लक्षात ठेवा, पाणी रानात थांबलेच नाही तर कोणतीही माती ते धरू शकत नाही. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, ठरावीक ओळींनंतर काढलेली मृत सरी, या कामांना पिशवी लागत नाही. वरंब्यावर पीक, सरीत पाणी. जास्त झाले तर निचरा, कमी पडले तर ओल. उघडीप सुरू झाली की हलकी कोळपणी करून भेगा बुजवाव्यात. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणत, ते उगाच नव्हे.

तेव्हा क्रम असा धरावा. आधी माती ओळखा आणि तपासा. सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र बिलोली तालुक्यातच आहे, नमुना कसा घ्यावा हे तिथे विचारता येईल. मग पाणी अडवा. मग काडीकचरा जाळणे थांबवा. त्यानंतर हलक्या रानाला गाळ आणि शेणखत, भारी रानाला शेणखत आणि आच्छादन, चोपण रानाला जिप्सम आणि चर. विकतची पिशवी सर्वांत शेवटी.

त्या दिवशी आजोबांना मी एवढेच सांगितले, की पैसे परत मिळत असतील तर घ्या. मिळत नसतील तर पिशवी सगळ्या रानात उधळू नका. चार तासांना टाका, शेजारचे चार तास तसेच ठेवा आणि तिसऱ्या चार तासांना उकिरड्याचे खत घाला. तिन्हीकडे बी एकच, पेरणी एकाच दिवशी. उघडीप पडली की रोज दुपारी जाऊन कोणते पीक आधी मान टाकते ते पाहा, आणि राशीच्या वेळी तिन्हींचे माप वेगळे घ्या. आजोबा म्हणाले, "म्हणजे रानालाच विचारायचं." हो, रानालाच विचारायचे. रान कोणाचे कमिशन घेत नाही.